सॅम्पल नसलेलं यान

संपादकांनी माझी गोष्ट परत पाठवली तेव्हा मी डोक्यात राख घालून घेतली होती, हे आधीच कबूल करते. दिवाळी अंकाला मुलांसाठी विज्ञानकथा हवी म्हणून मी एक यान काळात मागं पाठवलं, तर संपादकांचं म्हणणं, यान चालतं कसं ते कळत नाही. अहो, मी शाळेत फिजिक्स शिकवते! घरी येऊन सगळं सासऱ्यांपुढं, म्हणजे आबांपुढं, भडाभडा बोलून टाकलं.

आमच्या आबांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. उभ्या आयुष्यात त्यांची कामाची रीत एकच. गिऱ्हाइकानं तुटलेला पार्ट आणायचा, आबांनी मापं घ्यायची आणि डिट्टो करून द्यायचा. कुरुंदवाडचा पंप असो नाहीतर मलकापूरची चक्की, पहिला प्रश्न ठरलेला, सॅम्पल कुठाय? पण आता गुडघे गेले होते, दिवाळीनंतर लेथ विकायचं ठरलं होतं, आणि एक सल त्यांना खात होता. आपण नुसत्या नकला केल्या, स्वतःच्या डोक्यातनं एक वस्तू काढली नाही, असं ते जेवताना दोनदा बोलले. दुसऱ्या वेळी ताट अर्धं टाकून उठले. मला फार वाईट वाटलं होतं.

तर माझं रडगाणं ऐकून त्यांनी विचारलं, यानाचं सॅम्पल कुठाय?

मी म्हटलं, आबा, ते भविष्यात तयार होणार, आत्ता कुठून आणू? ते म्हणाले, त्यात काय, तयार झालं की तेच मागं पाठवायचं, इथं टेबलावर ठेवायचं, मी मापं घेतो. मी हसून हसून लोळायची तेवढी बाकी होते. म्हणजे आबा यान बघून यान करणार, आणि बघितलेलं यानही त्यांनीच केलेलं! मग ते मुळात सुचलं कुणाला? आबांनी बराच वेळ डोकं खाजवलं. कुणालाच न सुचलेली वस्तू आपण करणार नाही, असा निकाल त्यांनी दिला.

मग मी त्यांना खरं फिजिक्स सांगितलं. गुऱ्हाळात काहिलीतला रस ढवळला की वरचा फेससुद्धा फिरतो. तसं प्रचंड जड चाक प्रचंड वेगानं फिरलं तर भोवतालची जागा आणि वेळ किंचित ओढली जाते. एवढं खरं. त्या भोवऱ्यातनं यान निघायच्या आधीच पोचतं, ही माझी थाप. आबांना थापेशी देणंघेणं नव्हतं. एवढं जड चाक आत फिरलं तर यानाची बॉडी उलटी गरगरंल आणि आतली माणसं ओकतील, म्हणाले. मी फुशारकीनं म्हटलं, दुसरं चाक उलटं फिरवा. त्यावर ते लगेच म्हणाले, एकानं हिकडं ढवळायचं, दुसऱ्यानं तिकडं, मग रस फिरंल काय? घ्या! शाळेतल्या बाईंची तोंडात मारल्यासारखी गत.

दोन दिवस आबा आमटीत बोटानं भोवरे काढत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर त्यांनी दारातच अडवलं. लहान चाक मधे, जोरात. मोठी रिंग लांब बाहेर, उलटी, पण सावकाश. दोन्हींचा झटका सारखा, म्हणून बॉडी जागची हलत नाही. पण मधल्या चाकापाशी बाहेरच्या रिंगेचं ढवळणं कमी पडतं, तिथं भोवरा शिल्लक राहतो. माणसं तिथं बसवायची. मी एका पायात चप्पल घालून तशीच उभी. चूक शोधत होते, सापडेना.

"आबा, हे कशात बघितलंत?"

"कशात न्हाय," ते म्हणाले, आणि मग माझ्याकडं बघतच राहिले.

मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा सांगितली आणि त्यांना स्कूटरवर घालून वर्कशॉप गाठलं. खडूनं जमिनीवर चित्र काढलं त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा! मग लेथ सुरू झाला. गुडघ्यांची तक्रार एकदाही ऐकली नाही. दुपारी पितळेचं चाक, बाहेर लोखंडी रिंग, मधे गिअर, असं वीतभर यान तयार झालं. गुळगुळीत काचेवर ठेवून चाकाला गुंडाळलेली दोरी ओढली. चाक एकीकडं, रिंग दुसरीकडं, आणि बॉडी जागच्या जागी ढिम्म. काळात काय ते गेलं नाही, पण आम्ही सासरा-सून येड्यासारखे टाळ्या पिटत होतो. मला इतका आनंद माझ्या निकालाच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता.

आवाजानं शेजारच्या वर्कशॉपचा मालक डोकावला. त्यानं दोनदा दोरी ओढून बघितली, यान उचललं, उलटं केलं आणि सवयीनं खिशातला मापं घ्यायचा व्हर्निअर काढला. म्हणाला, "आबा, सॅम्पल म्हणून चार दिवस नेऊ काय?"

आबांचं हसू थांबलं. डोळे भरले होते, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"ने की," ते म्हणाले. "पण मापं नीट घे. हे एकच हाय."