दर्याला घातलेलं गाऱ्हाणं

कणकवलीहून मालवणची एसटी सुटली तेव्हा माझी भाची केतकी खिडकीशी गप्प बसली होती. केतकी गप्प म्हणजे प्रकरण गंभीर. कारखान्याच्या धुराड्यातून पकडलेला कार्बन डायऑक्साइड समुद्राच्या पाण्यात चुनखडीबरोबर विरघळवायचा. मग तो क्षार होऊन पाण्यातच राहतो, हवेत परतत नाही, असा तिचा प्रयोग, आणि तो आता मालवणच्या किनाऱ्यावर करायचा होता. आज रापणकरांनी (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांनी) नकार दिला, की इतक्या वर्षांची मेहनत फुकट. मी आपली सोबतीला. खरं सांगायचं तर माशांसाठी.

मालवणात खानावळीत बांगड्याचं तिखलं (घट्टसर तिखट कालवण) आलं आणि पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"सोलकढी घेवा गो बाय," वाढणारी बाई हसत म्हणाली.

केतकीनं ताटाला हात लावला नाही. तिचा बांगडाही मीच संपवला, टाकायचा कशाला?

उन्हं कलल्यावर किनाऱ्यावर गेलो. जाळं वाळत पडलं होतं आणि माणसं सुरूंच्या सावलीत बसली होती. केतकीनं सगळं समजावून सांगितलं: आधी टाक्यांत चाचणी, मग समुद्रात. त्यांचे म्हातारे तांडेल (होडीचे प्रमुख) म्हणाले,

"शहरातलो धूर आमच्या दर्यान कित्याक गिळूचो? म्हावरा (मासळी) मेला तर आम्ही काय खावचा?"

"मरणार नाही असं वाटतं, पण खात्री नाही," केतकी म्हणाली. मी कपाळाला हात लावला. असं कोणी सांगतं का?

तांडेल मात्र सरसावून बसले. "मगे पयली टाकी हंयच बांध. म्हावरा आमचा घाल. आम्ही रोज बघतलाव."

इथे नव्या कामाआधी गाऱ्हाणं (देवापुढे सर्वांच्या वतीनं मागणं) घालतात. तांडेल नारळ घेऊन पाण्यात उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाचा काम बरा असात तर यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही.

"आणि वायट असात, तर टाकीतच दाखव रे म्हाराजा."

इथे माझी जीभ अडली. सर्वांत मोठा "व्हय म्हाराजा" केतकीचा होता.

परतीच्या गाडीत मी तिला झापलं, "स्वतःच्याच अपयशाला व्हय म्हणतात का गं?"

"आत्या, चूक असेल तर टाकीत कळू दे. समुद्रात नको," ती म्हणाली, आणि प्रसादाचं खोबरं खाता खाता झोपलीसुद्धा. सकाळपासून पहिल्यांदाच काहीतरी खाल्लं होतं पोरीनं. फार बरं वाटलं मला. खिडकीबाहेर खाडी मागे पडत होती. त्या पाण्याकडे बघत मी मघाशी राहिलेलं हळूच म्हणून टाकलं, "व्हय म्हाराजा."