रिकाम्या सीटचा पट्टा

स्मरणिकेसाठी क्लबचा इतिहास लिहून द्या, असं सचिवांनी मला सांगितलं तेव्हा माझ्या बायकोला जाऊन चार महिने झाले होते. ती त्या क्लबात विमान चालवायला शिकवायची. मी कॉलेजात इतिहास शिकवतो आणि विमान उडताना अजूनही डोळे मिटून घेतो. सचिवांचा हेतू चांगला होता. माणसाच्या हाताला काहीतरी काम असावं, एवढाच.

त्यांनी जुन्या कागदांच्या दोन पेट्या विजय नगरच्या आमच्या फ्लॅटवर पाठवल्या. संस्थानी काळातले फोटो, हँगरपुढे साफे बांधून उभे असलेले लोक. मग दरवर्षी नव्या बॅचचा एक फोटो. हँगर तेच, फक्त पँटींचे घेर बदलत गेलेले. शेवटच्या पंधरा-सोळा फोटोंत ती आहे, उजव्या टोकाला, उन्हामुळे एक डोळा बारीक केलेली.

मी सावकाश लिहीत गेलो. आधी जमिनीवरचे वर्ग, हवामान, नकाशे. रोज सकाळी विमानाभोवती हात लावत एक फेरी, आणि टाकीतलं थोडं इंधन काचेच्या नळीत काढून त्यात पाणी नाही ना ते बघणं. मग शहराबाहेर हातोदच्या शेतांवर वळणांचा सराव, आणि कित्येक आठवडे नुसतं उडणं आणि उतरणं. एके दिवशी शिक्षक विमान थांबवायला लावतो, स्वतः खाली उतरतो आणि म्हणतो, आता एकटा जा. हे सगळं मला तिनेच सांगितलेलं, नाश्त्याच्या वेळी, पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरताना.

इथपर्यंत लिहून थांबलो. कारण पुढे पट्ट्याची गोष्ट येते.

शिकाऊ विमानात दोन सीट शेजारी-शेजारी असतात आणि दोन्हींपुढे विमान चालवायचं हँडल असतं. हँडलं आतून जोडलेली. एक अडलं की दुसरंही अडतं. म्हणून शिक्षकाने उतरताना आपल्या रिकाम्या सीटचा पट्टा लावून घट्ट ओढायचा असतो. सुटा राहिला तर तो हँडलात अडकू शकतो. अकरा वर्षांपूर्वी एकदा ती तो लावायला विसरली. मोठं विमान येतंय, लवकर आटपा, असं टॉवरवरून सांगत होते. ती घाईत उतरली. एकोणीस वर्षांचा मुलगा एकटा उडाला, चक्कर मारून आला, आणि टेकायच्या वेळी हँडल पुरतं मागे येईना. विमान नाकावर आपटलं, उसळलं आणि धावपट्टीबाहेर गवतात गेलं. पंखा वाकला, मुलाचा ओठ फाटला. तेवढ्यावर निभावलं.

त्या दुपारी ती घरी येऊन बूट न काढता खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मी उतरले, आणि पट्टा तसाच राहिला."

चौकशीतही तिने एवढंच लिहून दिलं. काही महिने तिला शिकवू दिलं नाही. परत गेल्यावर प्रत्येक नव्या बॅचला ती पहिल्याच दिवशी आपली ही चूक सांगायची. घरी पुन्हा कधी विषय काढला नाही. फक्त मी तिला गाडीने कुठे सोडलं, की ती उतरून, वाकून, आपल्या सीटचा पट्टा लावायची आणि दोनदा ओढून बघायची. मला हसू यायचं.

सचिवांनी मसुदा वाचला. "प्रोफेसर साहब, ये रहने दो ना," ते म्हणाले. "मॅडम गेल्या. आता त्यांचं नाव कशाला खराब करायचं?" स्मरणिका लोक वर्षानुवर्षं घरात ठेवतात, असंही म्हणाले. मला ते खोटं वाटलं नाही. जे तिला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी ती तेवढ्या एका परिच्छेदापुरती उरली असती. पण तो काढला तर जी उरत होती ती माझी बायको नव्हती.

त्याच आठवड्यात अपघातातला तो मुलगा घरी आला. महूच्या छावणीतला, आजोबा फौजेत होते. आता तो प्रवासी विमानं चालवतो. ओठावरची खूण अजून दिसते. सोफ्याच्या कडेवर बसला, चहाला हात लावला नाही.

"काका, मला पट्टा दिसला होता," तो म्हणाला.

मॅडमनी दार लावलं तेव्हा पट्टा सीटवर सुटाच पडलेला त्याने पाहिला होता. मॅडमनी ठेवलाय म्हणजे बरोबरच असेल, असं त्याला वाटलं. "मॅडमला कोण सांगणार, की तुमचं चुकलं?" चौकशीत कुणी विचारलं नाही. पुढे दर वर्षी सांगणं अवघड होत गेलं. तिच्या शेवटच्या आजारात हॉस्पिटलात तो तेवढ्यासाठीच आला होता; तिने त्याच्या उड्डाणांची चौकशी केली, आणि तो तसाच परत गेला.

मी भरलेला कप उचलून आत नेला आणि बेसिनचा नळ सोडून उभा राहिलो. अकरा वर्षं तिने हे एकटीने वागवलं होतं. बाहेर आलो तेव्हा तो उभा होता. "लिहा काका. माझ्या नावासकट लिहा." मी त्याला थांब म्हटलं नाही.

तो गेल्यावर तिने घालून दिलेल्या नियमाचा कागद पेटीतून काढून पुन्हा वाचला. एकट्याने उडण्याआधी विद्यार्थ्याने शिक्षकाचा पट्टा स्वतःच्या हाताने ओढून बघावा आणि मोठ्याने सांगावं. ते ऐकल्याशिवाय शिक्षकाने विमानापासून दूर जाऊ नये. खाली तिची सही, अपघातानंतरच्या महिन्यातली. आधी मी तो नुसता एक कागद म्हणून वाचला होता. असा नियम माणूस काय कळल्यावर करतो, याचा विचार केला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात ती जिन्यात थांबू लागली होती. दुसऱ्या मजल्यावर भिंतीला हात टेकायची, मग वर यायची. मी रोज मागून चढत होतो. रोज सकाळी विमान हाताने तपासणारी बाई, तिला स्वतःचं कळत असेलच, असं मला वाटलं. मी काही बोललो नाही.

परिच्छेद नव्याने लिहिला. शिक्षिका पट्टा लावायला विसरली. विद्यार्थ्याने ते पाहिलं आणि तो बोलला नाही. म्हणून या क्लबात विद्यार्थी शिक्षकाचा पट्टा तपासतो, आणि हा नियम त्या शिक्षिकेचा आहे. नावं घातली नाहीत. हे छापायचं नसेल तर पेट्या परत न्या, असं सचिवांना कळवलं. ते छापतो म्हणाले.

मग मुलाला फोन करून वाचून दाखवलं.

"मला पट्टा दिसला होता, हे मॅडमना माहीत होतं का?" त्याने विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

त्याने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.