कच्च्या लिंबाचं राज्य

राहुरीत आमच्या घरामागे एक रिकामा प्लॉट आहे. मालकानं वाळू आणून टाकली, बांधकाम काही सुरू केलं नाही, आणि गल्लीतल्या पोरांचं फावलं. संध्याकाळी तिथं पकडापकडी रंगते. माझा आठ वर्षांचा मुलगा त्यातला पुढारी आणि साडेचार वर्षांची मुलगी कच्चं लिंबू. म्हणजे तिनं सगळ्यांबरोबर पळायचं, ओरडायचं, पण तिला कुणी आउट करायचं नाही आणि तिच्यावर राज्यही येणार नाही. लहानपणी मीही कच्चं लिंबू होते, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

एके दिवशी ती रडत घरात आली. पडली असेल म्हणून मी गुडघे पाहिले, कोपरं पाहिली. कुठं काही नाही.

"माझ्यावर राज्य येतच न्हाई," ती म्हणाली.

मी चक्रावले. राज्य आलं म्हणून रडणारी पोरं मी ढिगानं पाहिली होती. आलं नाही म्हणून रडणारी ही पहिलीच.

त्या दिवसांत मी मोबाईलवर मुलांना वळण लावायचे व्हिडिओ बघायचे. खेळताना प्रत्येकाला पाळी मिळालीच पाहिजे, असं त्यातली बाई गोड आवाजात सांगायची. एवढं सोपं आहे तर, म्हणून मी ओढणी खोचून प्लॉटवर गेले आणि फर्मान काढलं. आजपासून पाळीपाळीनं राज्य, आणि पहिली पाळी हिची.

"आई, तिला कोन सापडंल?" मुलगा म्हणाला. "आमी सांभाळूनच घेतो की तिला."

खरंच होतं ते. शेजारच्या काकूही भिंतीवरून म्हणाल्या, "पोरांच्या खेळात तू कशाला पडती गं?" पण मी इरेला पेटले होते.

ती धावली तशी पोरं पळाली, अगदी मनापासून पळाली. ती एकाच्या मागे लागली की तो वाळूला वळसा घालून दिसेनासा व्हायचा. हळूहळू पोरं कंटाळली. दोघे तर वाळूवर बसूनच राहिले आणि ती जवळ आली की तेवढ्यापुरते उठायचे. मुलाला दया आली असावी. तो लंगडत लंगडत तिच्यासमोरून जायला लागला. ती थांबली.

"मुद्दाम नको," ती म्हणाली.

आता काय करावं, मला सुचेना. पोरांना हळू पळा म्हणावं, तर ती पुन्हा कच्चं लिंबूच. पाळी संपली म्हणावं, तर आत्ता दिलेलं लगेच काढून घेतल्यासारखं. व्हिडिओतल्या बाईनं याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मला तिचा रागच आला. अंधारून आलं, पोरं घरी गेली. हिला मी कडेवर घेऊन आले. काकूंचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटून मला फार वाईट वाटलं.

मी भाकरी थापत होते, मुलगा जेवायला बसला होता. ही हातपाय धुऊन आली आणि मागून त्याच्या पाठीत ओल्या हाताचा सणसणीत धपाटा घातला.

"आउट."

तो उसळला. "आई, जेवताना पकडलं हिनं. हे चालत न्हाई."

"चालतं. माझ्यावर राज्य हुतं."

"खेळ संपला हुता."

"कुणी सांगितलं?"

दोघं तावातावानं भांडायला लागली आणि निकालासाठी माझ्याकडं बघायला लागली. कोणाचं बरोबर, मला खरोखर ठरवता येईना. मग एकदम लक्षात आलं की आजवर तो तिच्याशी खेळावरून कधी भांडलाच नव्हता. कच्च्या लिंबाशी कोण भांडतं?

"बरं," शेवटी तोच चिडून म्हणाला, "उद्या माझ्यावर राज्य. पन हिला आता कुनी सोडायचं न्हाई."

"नका सोडू," ती म्हणाली आणि त्याच्याच ताटातला भाकरीचा तुकडा मोडून घेतला.

माझी तव्यावरची भाकरी करपली.