कौलाखालचा तुकडा

आज सकाळी एका कावळ्यानं मला दगा दिला. त्यानं अंगणातला भाकरीचा तुकडा उचलला, पण खाल्ला नाही. समोरच्या छपरावर नेऊन कौलाखाली सारला आणि वर वाळकं पान ओढलं.

पाखरं काही साठवत नाहीत, तरी स्वर्गातला बाप त्यांना पोसतो, या वचनाच्या जोरावर मी छापखान्यातली नोकरी सोडली होती. देव याहून बरी देईल, अशी चर्चमध्ये मंडळीपुढे उभं राहून साक्षही दिली होती. सगळे हालेलूया म्हणाले. नोकरी मात्र अजून कुणी दिली नाही.

"मार्था, हा बघ, कावळासुद्धा साठवतोय!"

"त्याला बायको असेल," ती तव्यावरची नजर न काढता म्हणाली.

खरं तर देवानं नोकरीचं नाव कधी काढलंच नव्हतं. ते मीच त्याच्या तोंडी घातलं. तरी राग त्याचाच येतो. एवढी भिस्त दुसऱ्या कुणावर ठेवलीच नव्हती ना!

जेवायला बसलो. प्रार्थनेला शब्द फुटेना.

"रुसलात त्याच्यावर?" मार्थानं विचारलं.

"हो."

"मग तेच सांगा की त्याला."

मी डोळे मिटले आणि सांगायला लागलो. आमटी निवून गेली, तरी माझं आमेन काही येईना.