शर्यतीच्या वाटेवर सडा

अन्याय झाला तो आमच्या वस्तीतल्या एकोणीस घरांवर. कधी झाला तेही सांगते. सायकल शर्यत आमच्या रस्त्याने जायच्या आदल्या दिवशी, बुधवारी, सकाळी साडेनऊ वाजता. ठेकेदाराची चार माणसं टेम्पोतून उतरली, रस्त्याच्या कडेला बांबू रोवले आणि आमच्या वस्तीसमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरुषभर उंच हिरवं कापड ताणलं. बांधकाम चालू असलं की झाकतात ना, तसलं. आमची घरं काही बांधायची राहिलेली नव्हती.

शर्यत मोठी होती. पाच दिवस, रोज एक टप्पा, देशोदेशीचे पगारी सायकलवाले. दुसरा टप्पा मुरबाडहून निघून किन्हवली, सापगाव करत शहापूर आणि पुढे कसाऱ्याच्या दिशेने चढ. मार्गाचा नकाशा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला त्या दिवसापासून मला तो पाठ होता. त्यात प्रत्येक गतिरोधक होता, प्रत्येक मोरी होती, बंद पडलेली भातगिरणीसुद्धा होती. आमची वस्ती नव्हती. तिथे नुसता पांढरा कागद.

मी त्यांच्या मुकादमाला विचारलं, "हे कशासाठी?"

"क्यामेरा येनार ना ताई. सगळा हिरवा हिरवा दिसला पायजे."

"आणि आमी?"

"तुमी मागून बघा की. जाळीचा कापड हाय, दिसतंय."

पत्रकं लिहिण्यात माझा हात बसलेला. विहाराच्या पायरीवर बसून तासाभरात निवेदन खरडलं: 'आम्ही या देशाचे नागरिक आहोत, अडगळ नाही.' घरोघरच्या सह्या आणि अंगठे घेतले, गाडी काढली, शहापूर गाठलं. तहसील कचेरीतल्या साहेबांनी शिक्का मारून पोच दिली आणि म्हणाले, शर्यत झाली की बघू. शर्यत झाल्यावर काय बघायचं असतं, असं मी विचारलं. साहेब जेवायला गेले.

खरं तर शर्यत बघायची सगळ्यात जास्त हौस माझ्या आईला. ती अंगणवाडीत मदतनीस आहे आणि रोज याच रस्त्याने सायकलवरून कामाला जाते. सायकल चाळिशीत शिकली, तेव्हा अख्खं गाव हसलं होतं. "माज्याच रस्त्यान जातील नं गो ती?" असं तिने मला महिनाभरात किती वेळा विचारलं असेल. तिला शर्यत आपल्या दारात उभं राहून बघायची होती. कापडाच्या भोकांतून नाही.

संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "काय बोल्ला तुजा साहेब?"

"पोच दिली."

"मंग लाव ती कापडाला ठिगळ."

मी चिडले आणि चिडून दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

आता आमच्या वस्तीची एक रीत सांगायला हवी. मिरवणूक असो, वरात असो, रस्त्यावरून कुणी मानाचं जाणार असलं की बायका आपापल्या दारासमोरचा रस्ता झाडतात आणि त्यावर शेणाचा सडा घालतात. गुरुवारी सकाळी आई आणि शेजारची काकू कापडाची कड उचलून, वाकून, बादल्या घेऊन बाहेर गेल्या. मागोमाग बाकीच्या. नेहमीपेक्षा सडा घट्ट कालवला होता, कारण पाहुणे परदेशातले. वर रांगोळी. त्यातलं मोठं चाक मी काढलं. बोटभर रुंदीच्या टायरवर वाऱ्यासारखी येणारी माणसं या शेणावरून कशी जातील, हे आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

थोड्या वेळाने मार्ग तपासणारी जीप आली. पुण्याच्या एक मॅडम मार्गाची वही घेऊन उतरल्या, त्यांचा पाय सरकला आणि त्यांनी बांबू धरला म्हणून वाचल्या.

"हे काय आहे?"

"सडा," काकू म्हणाली. "पाव्हन्यांसाठी."

"अहो, ताशी पन्नासने येणार आहेत ती मुलं! एक घसरला की वीस पडतील!" त्यांनी घड्याळ बघितलं. "पाऊण तास आहे. पाणी कुठे आहे इथे?"

आईने कापडाकडे बोट केलं. "तेच्या मागं. हापसा हाय."

"मग आणा ना लवकर!"

"आनतो की. पन वाकून वाकून आनली तं बादली अर्धी सांडल. दुपार होल." आईने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "ह्या कापड काढा, मंग बघा."

मॅडमनी कापडाकडे बघितलं, मग हातातल्या वहीकडे. "हे कुणी लावलं? आमच्याकडे याची नोंद नाही."

"वरून सांगितला," कापड नीट आहे ना ते बघायला माणसं घेऊन टेम्पोतून नुकताच आलेला मुकादम म्हणाला.

"वरून म्हणजे कुणी?"

मुकादमाला वरचं नाव काही आठवेना.

"काढा," मॅडम म्हणाल्या.

माझ्या निवेदनाने जे झालं नाही ते शेणाने केलं. बांबू उपटले, कापडाची गुंडाळी टेम्पोत गेली आणि हापशापासून रस्त्यापर्यंत आमची रांग लागली. मुकादमाला हापशावर उभं केलं. "हान रं जोरान!" काकू ओरडली. "बांबू रोवताना कसा जोर व्हता!" खराटे चालले, माझं चाक वाहून गेलं, वर कडक ऊन होतं. मॅडमनी वही उघडली, वळण आणि मोरी यांच्या मधल्या कोऱ्या जागेत धोक्याची खूण केली आणि लिहिलं: 'वस्ती. रस्ता ओला.' मी खांद्यावरून वाचलं. धोका म्हणून का होईना, आम्ही कागदावर आलो.

मग शर्यत आली. सुपातून धान्य पाखडावं तसा सर्र आवाज झाला आणि सगळे रंग निघून गेले. कुणी पडलं नाही. बऱ्याच वेळाने एकटाच एक मागे राहिलेला आला, दमलेला. आईने टाळ्या वाजवल्या. त्याने मान वळवून आमच्या घरांकडे बघितलं, हात वर केला आणि रिकामी बाटली आमच्या बाजूला टाकली.

"सगल्यांत शेवट आला," काकू म्हणाली.

"पन घरा तेनंच बघली," आई म्हणाली.

ती बाटली आता आईच्या सायकलला आहे. कापड परत लागलं नाही. माझ्या निवेदनाचं उत्तर अजून यायचंय.

तुमच्या गावातून अशी शर्यत जाणार असेल तर शर्यतीच्या दिवसाची वाट बघू नका. आज जा, फळ्यावरचा नकाशा बघा. भातगिरणी आहे आणि टोकाची वस्ती नाही, असं दिसलं तर खिशातला पेन काढा आणि त्या पांढऱ्या जागेत तिचं नाव स्वतःच्या हाताने लिहा.