खानावळीत आलेलं युद्ध

उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यामागं गुरम्मा बिरादार यांची खानावळ आहे. नवरा गेल्यावर त्यांनी ती एकटीच्या हिमतीवर चालवली आणि तिच्याच जोरावर मुलगी मंजुश्रीला डॉक्टर व्हायला युक्रेनला पाठवलं. 'पोरीला एवढ्या लांब?' असं भावकीनं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "लातूरला शिकाया धाडली तवा बी तुमी हेच म्हनला होता."

मंजुश्री चौथ्या वर्षाला होती आणि फेब्रुवारीत तिथं युद्ध पेटलं. खारकीव्हमधल्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनात ती मैत्रिणींसोबत जाऊन राहिली. इकडं मोंढ्यातली माणसं जेवता जेवता युद्धाचं खरं कारण शोधू लागली. कुणी म्हणे गॅसच्या पाइपलाइनसाठी, कुणी म्हणे हत्यारं खपवायला. गुरम्मांना त्या बोलण्याचं वावडं नव्हतं. पिठलं वाढताना त्याही म्हणायच्या, "कारण असलंच काहीतरी. बांधाचं भांडण बी नुसतं बांधासाठी नसतंय."

एका दुपारी विरूपाक्ष आडत्या मात्र त्याच्याही पुढं गेला. तो रोजचा जेवणारा, बोलायला गोड.

"अक्का, उगं घोर लावून घेऊ नका. ही समदी मिलीभगत हाय. टीव्हीवर जुनी चित्रं फिरवायलेत. मरत-बिरत कुनी न्हाई."

तो धीर द्यायलाच बोलत होता. पण पंगतीतल्या चार जणांनी माना डोलावल्या, आणि गुरम्मांचा वाढता हात थांबला. भाकरीची टोपली खाली ठेवून त्यांनी मंजुश्रीला फोन लावला. बऱ्याच खटपटीनं तो लागला. स्पीकर चालू करून त्यांनी फोन विरूपाक्षच्या ताटाशेजारी ठेवला.

"मंजू, विरूपाक्षकाका म्हनतेत, युद्ध खोटं हाय. तू सांग त्यांना."

खरखरीतून मंजुश्री बोलली. "काका, हे कुणासाठी चाललंय, असं इथले लोकबी विचारतात. आमच्या हॉस्टेलची राखणदार बाई रोज मोठ्या लोकांना शिव्या देती. तिचा पोरगा लढायला गेलाय. कारण मला न्हाई माहीत. पण सकाळी खोलीवर गेलते, तर खिडकीच्या काचा माझ्या अंथरुणावर पडल्या होत्या."

विरूपाक्ष फोनकडं वाकला.

"पोरी, जेवलीस का?"

"बिस्किटं हायेत, काका."

विरूपाक्ष ताटावरून उठला आणि हात धुऊन तिथंच बाकावर बसून फोन फिरवू लागला. त्याचा भाचा अमरनाथ पोलंडात नोकरीला होता. "सरहद्दीवर उभा ऱ्हा, आपली लेकरं यायलीत," असं त्यानं भाच्याला बजावलं. मुली खच्चून भरलेल्या रेल्वेनं, पुढं पायी, सरहद्दीवर पोचल्या, तेव्हा अमरनाथ गरम कपडे आणि डाळ-भाताचे डबे घेऊन थांबलेला होता.

मंजुश्री उदगीरला उतरली त्या दिवशी स्टेशनवर हार-तुरे झाले. एका वार्ताहरानं गुरम्मांना विचारलं, "आता काय वाटतं?" त्या म्हणाल्या, "शिक्षण अर्धं राहिलंय, ते पुरं करायचंय."

तसंच झालं. रशियाशेजारच्या जॉर्जियातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा भावकी पुन्हा जमली. तिथंही उद्या काही पेटलं तर? या मोठ्या देशांच्या पोटात काय आहे, कुणी सांगावं? गुरम्मांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्यांच्या पोटातलं मला कळनार न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीच्या मनात काय हाय, ते मात्र मला ठाऊक हाय."

मंजुश्री गेली, शिकली, परत येऊन डॉक्टरकीची इथली परीक्षा पास झाली. आता ती लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. जगात कुठं ना कुठं युद्ध चालूच असतं, आणि विरूपाक्षला प्रत्येकात आतली गोम दिसते. गुरम्माही त्याला हुंकार देतात.

"संशय धरावा, विरूपाक्ष," त्या म्हणतात. "पर मरत कुनी न्हाई, एवढं म्हनू नये."

"न्हाई म्हनत, अक्का," तो म्हणतो आणि आमटीसाठी वाटी पुढं करतो.