सुभद्राकाकींचा वानवळा

मालवणात सुभद्राकाकींच्या घरी मसाला, आमसुलं आणि आंब्याची साठं मिळत. विकत नव्हे. विकत हा शब्द कोणी त्यांच्या पायरीवर उच्चारला तर काकींना घेरी यायची. यजमान श्रीपादकाका कोर्टात कारकून होते, आजेसासऱ्यांनी कुठल्याशा संस्थानात चाकरी केली होती, आणि अशा घरातली बाई काही विकत नाही. ती वानवळा देते. घरात झालेला जिन्नस आप्तांना, शेजाऱ्यांना चवीपुरता पाठवावा, तो वानवळा. काकींचे आप्त बंदरापासून पार कट्टा गावच्या बाजारापर्यंत पसरलेले होते आणि त्यांतल्या निम्म्यांची नावं काकींना ठाऊक नव्हती.

पद्धत ठरलेली होती. येणाऱ्याने अंगणात उभं राहून विचारायचं, "काकी, वानवळो गावतलो काय?" काकींनी घरातल्या घरात थोडं कण्हायचं, "बघतंय, उरलो आसलो तर," आणि मग पुडी आणून पायरीवर ठेवायची. पैसे हातात द्यायचे नाहीत. तुळशीवृंदावनाला दिव्याचा कोनाडा होता, त्यात गुपचूप ठेवून चालू लागायचं. गिऱ्हाईक फाटकाबाहेर गेलं की काकींना तुळशीची आठवण व्हायची. दिवसातून इतक्या वेळा तुळशीला हात जोडणारी बाई साऱ्या आळीत दुसरी नव्हती.

एकदा घाटावरून बदलून आलेल्या पोस्टमास्तरांच्या बायकोने अंगणात उभं राहून खणखणीत विचारलं, "वहिनी, मसाला काय भाव?" काकींनी दार लावून घेतलं. पुढे ती बिचारी दोन वर्षं त्या गावात सपक जेवली म्हणतात.

काका पेन्शनीत निघाल्यावर ते घर तुळशीच्या कोनाड्यावरच चालत होतं. पेन्शन काकांच्या तपकिरीला आणि वर्तमानपत्राला पुरे. तांदूळ, तेल, मुलीचं शिक्षण, सगळं मसाल्यातून. काकांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण ते वर्तमानपत्र वाचत.

मसाला कांडायला दांडीच्या किनाऱ्यावरची हिरा यायची. नवरा होडीवर गेला तो परत आलेला नव्हता. पडवीत जमिनीत पुरलेल्या दगडी उखळात, व्हायनात, ती सकाळपासून मुसळ घालायची. मिरचीने डोळे सुजायचे. तिलाही काकी पैसे देत नसत. घरच्या माणसाला का कोणी मजुरी देतं? तिला मुंग्या लागलेली साठं, कालची पेज आणि दिवाळीला जुनं लुगडं मिळे. वानवळाच तो.

सत्तावन्न सालच्या वैशाखात काकींच्या नीरजाला पाहायला मुंबईहून गुरुदास आले. मूळचे देवगडकडचे, लालबागात किराण्याचं दुकान, मुलगा एकुलता आणि सरळ. चहा घेता घेता त्यांनी नाक वर केलं.

"वास फर्मास सुटलाय. मसाला करता वाटतं?"

काकींच्या मनात आलं, मसालेवालीची मुलगी म्हणून नको म्हणाले तर?

"छे हो, हौस आपली. वानवळ्यापुरतं."

"इतकं?" पडवीतल्या बरण्यांवरून गुरुदासांची नजर सावकाश फिरली. "विकत नाही?"

"आमच्याकडे असलं चालत नाही!"

"वा! मग आम्हांलाही धाडत जा वानवळा."

"धाडीन की. तुमचं घर काय परकं?"

गुरुदास दुकानदार होते. त्यांना काय समजायचं ते समजलं. लग्न ठरलं.

पुढच्या मेमध्ये बोटीने धुऊन पुसून लख्ख केलेले घासलेटचे पाच रिकामे डबे आले. 'विहीणबाईंच्या हातची चव सगळ्यांना आवडली' असा निरोप होता. काकींनी डबे भरले. मुलीच्या सासरी नाही कसं म्हणायचं? आणि म्हणायचं तर काय म्हणायचं? तो एक शब्द तोंडातून काढायला हवा होता, आणि तोच तर निघत नव्हता. त्या वर्षी गावातल्या आप्तांना मसाला पुरला नाही. कोनाड्यात तेवढा दिवा राहिला.

शिमग्याला मुंबईच्या गिरणीतला बाबली गावी आला, तो अंगणातूनच ओरडला, "काकी, लालबागात तुमचो मसालो रांग लावन घेतत लोक! व्याही तुमचे गल्ल्यार बसान हसतत!"

"त्येंका लोकांची हौस," काकी म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्याच वर्षी हिरा मुसळ टेकून उभी राहिली.

"काकी, माका औंदा रोख व्हये. साठांनी माझी चूल पेटणा नाय."

"गो हिरा, घरच्या माणसान असा बोलाचा? तू काय परकी?"

"घरची आसंय तर म्होरल्या पडयेत पान मांडून वाढा. मागल्या दारी कित्याक बसवतास?"

हिरा गेली, आणि आठवडाभरात बाजारात मसाल्याची पाटी मांडून बसली. काकींचे आप्त एकेक करून तिच्याकडे वळले. तिथे भाव विचारता येत होता.

काकी मग स्वतः कांडायला लागल्या. पडवीचं दार बंद करून. तळहाताला फोड आले. कोणी विचारलं तर "विहिरीचो रहाट" म्हणत. मिरच्या मात्र कांडून येत नाहीत, त्या आणाव्या लागतात. तिसऱ्या वर्षी उजव्या हातातली पाटली सोनाराकडे गेली. "जुनी घडण, बोचता," असं काकींनी त्याला सांगितलं. त्यानेही ऐकून घेतलं.

त्या मेअखेरीला गुरुदास स्वतः आले होते, माहेरपणाला आलेल्या नीरजाला न्यायला. बंदरावर बोटीपर्यंत नेणारा पडाव लागला होता, बोट लांब खोल पाण्यात उभी होती. खलाशी डबे चढवत होते. काकी एक डबा सावरायला पुढे वाकल्या आणि नीरजाने त्यांचं मनगट धरलं.

"आई, पाटली कुठाय?"

"आसा घरात. सोड."

नीरजाने दुसऱ्या हाताने काकींचा तळवा उलटा केला. तिला सगळं एकदम दिसलं. ती वळली आणि अर्ध्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"मामंजी, हा वानवळा नाही. आईचा धंदा आहे. आमचं घर त्याच्यावर चालतं. पैसे देऊन न्या."

खलाशी थांबले. माशांच्या पाट्यांपाशी बसलेल्या बायका मान वर करून बघायला लागल्या. गुरुदासांनी आजूबाजूला पाहिलं. चार माणसांत शोभा नको म्हणून का होईना, त्यांचा हात कोटाच्या खिशात गेला. काकींनी नुसतं गप्प राहायचं होतं. एवढंच.

"कायतरीच!" काकी हसल्या. इतक्या मोठ्याने त्या कधी हसत नसत. "पोरीला ऊन लागलंय. धंदा काय, आमच्याकडे? व्याहीबुवा, मनावर घेऊ नका. न्या, न्या."

गुरुदासांचा हात खिशातून रिकामा बाहेर आला. "मला वाटलंच," ते म्हणाले. "पुढल्या खेपेला दोन डबे जास्त धाडतो, विहीणबाई. मागणी फार आहे. म्हणजे, आवडतो लोकांना."

नीरजा पडावात जाऊन बसली. तिने आईला नमस्कार केला नाही.

काकी परत निघाल्या. वाटेत भेटेल त्याला त्या सांगत होत्या की मुंबईच्या पाण्याने पोरीच्या तोंडाला काही धरबंध राहिलेला नाही, वडीलधाऱ्यांत काय बोलावं हेही कळत नाही. आणि सांगता सांगता, जास्तीच्या दोन डब्यांच्या मिरच्या कुठून आणायच्या ह्या विचारात, डाव्या हातातली पाटली चाचपत होत्या.